रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवा, मग बोलू : स्वस्त बाटल्या आणि साधं खाणं, सात महिन्यांनंतर

उरलेल्या वाइनच्या बाटलीतली हवा उपसणाऱ्या व्हॅक्यूम पंपाच्या रबरी बुचाने सातव्या महिन्यात मान टाकली, म्हणून हे लिहायला घेतलं. पंपाचं खाली येईलच. दुकानातल्या खालच्या फळीवरच्या बाटल्या, सहा-आठ जण, पिझ्झा, बर्गर, तळलेलं चिकन, चिप्स असा बेत पुन्हा पुन्हा जमवल्यावर सगळ्यात उपयोगी ठरलेली वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर. द्राक्ष कुठलं, देश कुठला, हे सगळं त्यानंतर.

‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड हवेतल्या, हीटर नसलेल्या जुन्या घरांसाठी होता. त्यांची खोली १६-१८ अंशांची, आपली सहज २६-२८ ची. त्या तापमानाला ग्लास नाकाजवळ नेला की आधी अल्कोहोल झोंबतं, फळाचा वास मागे पडतो आणि वाइन शिळ्या जॅमसारखी सैल लागते. महाग वाइनकडे तेवढ्यातही दाखवायला बरंच काही असतं, स्वस्तीकडे नसतं. उलट टोकही वाईटच. थेट ४-५ अंशांवरून ओतलेली रेड जास्त उकळलेल्या चहासारखी तुरट लागते, कारण थंडीत टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतला तुरटपणा) पुढे येतं. भारदस्त रेड १५-१६, गामे द्राक्षाच्या वाइनसारखी हलकी रेड १२-१३, व्हाइट आणि रोझे (गुलाबी वाइन) ८-१०, फेसाळ ६-८. एवढे आकडे पाठ करा, बाकी विसरलात तरी चालेल.

तिथवर पोचायचं कसं? रेड फ्रिजमध्ये साधारण तासभर, व्हाइट तीन तास. वेळ नसेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ. नुसता बर्फ घालू नका. तुकड्यांमध्ये हवा राहते आणि बाटलीला थंडावा लागतच नाही. मिठामुळे पाणी शून्याच्याही खाली जातं. त्यात व्हाइटला १५-२० मिनिटं पुरतात, रेडला पाच-सात. पाणी मानेपर्यंत हवं, नाहीतर मानेतली वाइन कोमट राहते आणि पहिला ग्लास नेमका तोच निघतो. बाटली फिरकीच्या झाकणाची असेल तर बाहेर काढून एकदा हळूच उलटी-सुलटी करा (फेसाळ बाटलीवर हा प्रयोग नको). माप बाटलीच्या काचेवर नाही, ओतलेल्या ग्लासात घ्यायचं, कारण कोमट ग्लास एखादा अंश वाढवतोच. आणि एका वेळी १०० मिलीच ओता. १५० ओतली तर गप्पांच्या नादात शेवटचे घोट पुन्हा कोमट.

आता कुठल्या खाण्याला कुठली वाइन, त्या जोड्यांचं. सुरुवातीचे दोन-तीन महिने ‘मांस म्हटलं की रेड’ हाच हिशोब होता. तो मोडीत निघाला. मांसापेक्षा त्यावरचा सॉस ठरवतो. एक साधी चाचणी करा : कोरड्या (ड्राय, म्हणजे गोड नसलेल्या) रेडचा एक घोट खारट चिप्सबरोबर घ्या, दुसरा त्याच चिपवर बोटभर केचप लावून. पहिल्यात वाइन मऊ आणि गोलसर लागते, दुसऱ्यात तीच आंबट, कडवट, पाणचट. खाण्यातला खारटपणा आणि आंबटपणा वाइनला सावरतो, साखर तिला उघडी पाडते. बार्बेक्यू सॉसचंही तेच. म्हणून बर्गरला ग्रेनाश किंवा माल्बेक ही रेड चालते, पण केचपची बाटली टेबलावरून हलवा आणि मोहरीचा सॉस ठेवा.

तिखटाला सगळ्यात वाईट जोडी म्हणजे १४ ते १५ टक्के अल्कोहोलची शिराझ ही रेड. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं, टॅनिन त्यात भर घालतं, आणि पाहुणे ‘वाइनच खराब आहे’ म्हणून मोकळे होतात. तिथे ९-११ टक्क्यांची, किंचित गोडसर रीसलिंग ही व्हाइट ठेवा. लेबलवर ‘ऑफ-ड्राय’ किंवा जर्मन बाटलीवर ‘हाल्बट्रोकन’ शोधा. गोडसर वाइनला नाकं मुरडणाऱ्यांनी ती एकदा तिखट विंग्जबरोबर पिऊन बघावी, मग बोलावं.

तळलेल्याला फेसाळ. बुडबुडे आणि आंबटपणा मिळून जिभेवरचा तेलाचा थर धुऊन काढतात. बाटली निवडताना एक फसगत ठरलेली आहे : लेबलवरचं ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे ‘ब्रूत’पेक्षा गोड असतं. ब्रूतमध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७. तळलेल्या चिकनला ब्रूतच घ्या, स्पेनची कावा असो की इटलीची प्रोसेक्को. पोर्तुगालची विन्यो वेर्दे हीदेखील हलकी, जराशी बुडबुड्यांची आणि खिशाला सोसणारी. मात्र ताज्या सालाचीच घ्या. पिझ्झावर टोमॅटो असतो, म्हणून वाइनही आंबट हवी : बार्बेरा, किंवा सांजोवेजे द्राक्षाची साधी क्यांती, दोन्ही इटलीच्या रेड. मासा आणि रेड एकत्र नको. रेडमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडून तोंडात धातूची चव सोडतं. सॅलडमध्ये व्हिनेगर कमी, अति आंबटापुढे वाइन फिकी पडते.

आता मत बदललं ते. उरलेल्या वाइनसाठी व्हॅक्यूम पंप घ्या, असं दुसऱ्या महिन्यापर्यंत प्रत्येकाला सांगून झालं होतं. तो सल्ला मागे. पंप सगळी हवा काढत नाही, बूच रात्रभरात हळूहळू गळतं, आणि ते गळतंय हे कळायला काहीच सोय नाही. नवं बूच मागितलं तर विक्रेत्याचं उत्तर : सुटं मिळत नाही, सगळा संच घ्या. एका रबराच्या तुकड्यासाठी! त्यापेक्षा ३७५ मिलीची रिकामी, फिरकीच्या झाकणाची बाटली धुऊन ठेवा. जेवणाच्या सुरुवातीलाच, उरणार असं दिसत असेल तर, मोठी बाटली उघडल्या उघडल्या ती काठोकाठ भरून झाकण लावा आणि फ्रिजमध्ये टाका. आत हवाच नाही म्हटल्यावर रेडसुद्धा तीन-चार दिवस छान राहते. खर्च शून्य.

बाटल्यांचा हिशोब : ७५० मिलीत १०० मिलीचे सात ग्लास. सहा जणांना चार बाटल्या पुरतात. एक फेसाळ, एक गोडसर व्हाइट, दोन हलक्या रेड. पाण्याचा जग कायम भरलेला. स्वस्त वाइन साठवून सुधारत नाही, त्यामुळे व्हाइट-रोझे गेल्या एक-दोन सालांतलीच. पारदर्शक काचेतली रोझे ट्यूबलाइटखाली मांडलेली असेल तर मागच्या रांगेतली उचला, उजेडाने वास बिघडतो. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीला उघडताच सडक्या अंड्याचा वास आला तर ओतून देऊ नका. जगमध्ये उंचावरून दोनदा ओता. तरी नाही गेला तर स्वच्छ घासलेलं तांब्याचं नाणं मिनिटभर बुडवून काढा. तो वास गंधकाचा असतो आणि तांबं गंधक धरतं. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास मात्र बुचाचा दोष, त्याला इलाज नाही. बाटली परत करा.

थर्मामीटरबद्दल एकच तक्रार. दहा मिनिटांत तो आपोआप बंद होतो, आणि गडबडीत कोणीतरी त्याची सुई आधी चिकनच्या तंगडीत खुपसतं, मग न धुता ग्लासात. ग्लासावर तेलाचे गोल तरंगतात. सुया दोन असाव्यात, किंवा शेजारी ओला फडका.