स्कोअर 97, पण पान उघडेना: ‘वेबसाइट फास्ट करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर मी बरीच वर्षं ब्लॉग लिहिते. वाट कुठून फुटते, पिण्याच्या पाण्याचं टाकं कोणतं, मुक्काम कुठे करता येतो, परतीची एसटी कधी, असा सगळा तपशील त्यात असतो. लोक ही पानं घरी वाचतात आणि पाचनई किंवा रतनवाडीसारख्या पायथ्याच्या गावात उतरल्यावर, जेमतेम रेंज असताना, पुन्हा उघडतात. त्या वेळी पान उघडलं नाही तर लिहिण्याचा उपयोग काय? म्हणून वेग हा माझ्यासाठी जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि नेमकं त्यातच मला गंडवलं गेलं.

फोटो वाढत गेले, नकाशे आले, ब्लॉग जड झाला. तशात एकाचा मेसेज आला. सोबत माझ्याच ब्लॉगच्या गूगल पेजस्पीड चाचणीचा (पानाच्या वेगाला 100 पैकी गुण देणारी) स्क्रीनशॉट: मोबाइल स्कोअर 31, लाल रंगात. ‘90 प्लसची गॅरंटी, नाहीतर पैसे परत.’ 12,000 रुपये ठरले, निम्मे आधी, निम्मे काम झाल्यावर. माझा ब्लॉग ज्यावर चालतो त्या वर्डप्रेसचा ॲडमिन ॲक्सेस त्याने घेतला आणि काही दिवसांत ‘काम झालं’ असं कळवलं. मी स्वतः गूगलच्या पानावर जाऊन चाचणी घेतली. 97, हिरवागार. दुसऱ्या कुणी घेतली तरी तेच. उरलेले पैसे दिले.

वाचकांच्या तक्रारी मात्र थांबल्या नाहीत. फोनवर पान पूर्वीइतकंच रेंगाळत होतं, वर मेनूला पहिल्यांदा बोट लावलं तर काहीच व्हायचं नाही, दुसऱ्यांदा लावल्यावर उघडायचा. आणि एका कॉलेजच्या मुलाने कळवलं की त्याच्या लॅपटॉपवर फोटो आणि नकाशे दोन्ही गायब आहेत. माझ्याकडे तर सगळं दिसत होतं. तो विंडोजऐवजी उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, वापरतो, हे त्याने जाता जाता लिहिलं होतं. त्या एका शब्दाने सगळा उलगडा झाला.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणीने थीमची हेडर फाइल, म्हणजे प्रत्येक पानाच्या सुरुवातीला येणारा कोड, उघडली. सुरुवातीलाच उलट्या तिरक्या रेघा आणि आकड्यांची लांबलचक गिचमिड होती. ती उलगडल्यावर सरळ अर्थ निघाला: पान उघडणारं यंत्र लिनक्सवरचा संगणक असेल, तर स्क्रिप्ट (मेनू वगैरे चालवणारा कोड), फोटो, नकाशे काहीच पाठवू नकोस. गूगलची चाचणी घेणारी यंत्रं लिनक्सवर चालतात. माझे बहुतेक वाचक अँड्रॉइड फोनवर किंवा विंडोजवर असतात. अँड्रॉइडही आपली ओळख लिनक्स अशीच सांगतो, पण त्याचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा, त्यामुळे तो या चाळणीत अडकत नाही. साहेब तपासणीला येणार म्हणून एकच वर्ग रंगवून ठेवावा आणि त्यांना तिथेच बसवावं, तसा हा प्रकार. गूगलला पोकळ पान, वाचकाला तेच जुनं जड पान. बिचाऱ्या उबुंटूवाल्या मुलालाही गूगलच समजलं गेलं.

त्या गिचमिडीच्या खाली आणखी एक करामत होती. पानाच्या अगदी सुरुवातीला एक पूर्ण पारदर्शक चित्र: रुंदी 99999, उंची 99999, पण पडद्यावर 96 टक्के जागेत बसवलेलं. पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला किती वेळ लागला, हे गूगल मोजतं. 2.5 सेकंदांच्या आत दिसला तर चांगलं. न दिसणारं हे चित्र क्षणात ‘दिसावं’, आणि खरा फोटो मागाहून रांगत आला तरी घड्याळ आधीच थांबलेलं असावं, असा हा डाव. पूर्ण पडदा व्यापणारं चित्र क्रोम पार्श्वभूमी समजून मोजत नाही, म्हणून 96. एवढी अक्कल खरं काम करायला वापरली असती तर!

मी जाब विचारला. उत्तर आलं, ‘स्कोअर 90 च्या वर देण्याचं ठरलं होतं, तो दिलाय.’ मग नंबर ब्लॉक.

छोटे ब्लॉग यांच्या तावडीत सहज सापडतात, त्याला कारण आहे. पेजस्पीडच्या पानावर वरच्या भागात खऱ्या वाचकांचे मागच्या 28 दिवसांतले अनुभव दिसतात, ते यंत्र ओळखून पोकळ पान दाखवण्याच्या युक्तीला फसत नाहीत. पण वर्दळ कमी असेल तर तिथे पुरेसा डेटा नसतो आणि उरतो फक्त गूगलच्या यंत्राने घेतलेल्या चाचणीचा तो एक आकडा. म्हणून त्या आकड्याच्या खाली पान उलगडतानाची जी छोटी चित्रं दिसतात, ती डोळ्यांत तेल घालून बघा. माझ्या पानाच्या त्या चित्रांत किल्ल्याचा फोटोच नव्हता. मग वायफाय बंद करून साध्या फोनवर, इनकॉग्निटोमध्ये पान उघडा आणि पडद्याला हात न लावता थांबा. स्पर्श होईपर्यंत सगळ्या स्क्रिप्ट अडवून ठेवणं हाही यांचा आवडता डाव आहे. माझा मेनू त्यामुळेच पहिल्या बोटाला दाद देत नव्हता.

व्यवहार करायचाच असेल तर ‘स्कोअर किती’ यावर करू नका. कोणत्या फाइलमध्ये काय बदलणार, हे आधी लिहून घ्या, स्वतःकडे बॅकअप ठेवा आणि तात्पुरतं खातं उघडून द्या. माझ्याकडे त्याने जाताना आपल्या सोयीचं दुसरं ॲडमिन खातं बनवून ठेवलं होतं, शिवाय एका विकतच्या प्लगइनची (वर्डप्रेसला जोडायच्या सॉफ्टवेअरची) चोरीची प्रत. अशा प्रतींतून काय काय आत येतं, ते बाहेरून कळत नाही.

खरं काम पुढे मैत्रिणीसोबत बसून केलं. फोनमधून थेट चढवलेले चार-पाच एमबीचे फोटो 1600 पिक्सेल रुंदीचे करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये बदलले. वरचा पहिला फोटो लगेच लोड व्हावा आणि खालचे नंतर, अशी सोय केली. देवनागरी फॉन्टची फाइल जोडाक्षरांमुळे रोमनपेक्षा बरीच मोठी असते आणि मी त्याची चार वजनं (जाड-बारीक प्रकार) वापरत होते, ती दोनवर आणली. नकाशा आता बटण दाबल्यावरच येतो. सर्व्हर अमेरिकेतून मुंबईला हलवला. स्कोअर 80 च्या आसपास असतो. पण परवा पाचनईहून एकाने कळवलं, पान उघडलं.

पैसे परत मिळालेले नाहीत. चॅट आणि यूपीआयची पावती जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, म्हणजे 1915 वर, तक्रार केली आहे. तुम्हीही असं काम कुणाकडून करून घेतलं असेल तर आज संगणकावर आपलं पान उघडा, कंट्रोल आणि यू दाबून त्याचा कोड बघा, आणि त्यात 99999 हा आकडा, लाइटहाउस (Lighthouse, गूगलच्या या चाचणीमागचं साधन) किंवा लिनक्स (Linux) हे शब्द, किंवा वाचता न येणारी लांब गिचमिड सापडते का ते तपासा.