फोर्डचा जुना ‘एन’ ट्रॅक्टर: ९एन, २एन की ८एन?

अमेरिकेत जुना ट्रॅक्टर विकत घेऊन मूळ रूपात आणण्याची हौस असणाऱ्यांना मी आजही फोर्डच्या एन मालिकेचीच शिफारस करीन, कारण त्याचे चार सिलिंडरांचे साइड व्हॉल्व्ह इंजिन घरच्या हत्यारांनी खोलता येते आणि बहुतेक सुटे भाग नवे मिळतात. मात्र ‘८एन विकणे आहे’ या पाटीवर विश्वास ठेवू नये. तिन्ही मॉडेलांचे पत्रे, चाके आणि इंजिने इतक्या दशकांत एकमेकांवर इतकी चढली आहेत की एका ट्रॅक्टरवर तिघांच्या खुणा सापडणे नवलाचे नाही.

९एन १९३९ साली आला, २एन १९४२ मध्ये आणि ८एन १९४७ मध्ये. ८एनचे उत्पादन १९५२ पर्यंत चालले. सर्वांत आधी नजर जाते ती रंगाकडे, आणि फसवणूकही तिथेच होते. ९एन आणि २एन पूर्ण गडद करडे असत, तर ८एनचे पत्रे फिकट करडे आणि खालचे ओतीव अंग लाल असे. पण लाल रंगाचा एक डबा कोणताही २एन तासाभरात ८एनसारखा दाखवू शकतो. बॉनेटच्या बाजूंवर व मडगार्डांवर उठावदार अक्षरांतले ‘फोर्ड’ हे नाव ८एनची खूण आहे खरे, परंतु तेही पत्र्यावरच असल्याने पत्र्याबरोबर बदलते.

सहज बदलता न येणारी खूण पायाशी आहे. ८एनमध्ये दोन्ही ब्रेकची पेडले उजवीकडे आहेत. ९एन आणि २एनमध्ये डाव्या चाकाचा ब्रेक डावीकडे, क्लचच्या शेजारी असतो. ८एनला चार पुढचे गिअर आहेत, आधीच्या दोघांना तीन. गिअर मोजताना एवढेच पाहावे की शेरमन कंपनीचा पूरक गिअरबॉक्स बसवलेला नाही ना, कारण त्याच्या वेगळ्या दांडीने वेगांची संख्या वाढते. सीटखाली उजवीकडे पोझिशन कंट्रोलची (अवजार ठरावीक उंचीवर धरणाऱ्या यंत्रणेची) छोटी दांडी दिसली, तर ८एनची हायड्रॉलिक लिफ्ट आहे असे धरायला हरकत नाही.

ट्रॅक्टरचा अनुक्रमांक इंजिनाच्या डाव्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या मागे ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर, ठोकलेला असतो. तारेच्या ब्रशने गंज घासून त्यावर खडू फिरवला की आकडे उमटतात. इथे एक मजेशीर गुंता आहे: २एनच्या क्रमांकाचीही सुरुवात ‘९एन’ या अक्षरांनीच होते, त्यामुळे तेवढ्यावरून १९३९ चा दुर्मिळ ट्रॅक्टर सापडल्याचा आनंद मानू नये. शिवाय तो क्रमांक फक्त ब्लॉकचे वय सांगतो, आणि ब्लॉक बदललेला असू शकतो. खरा सुरुवातीचा ९एन हवा असेल, तर आडव्या पट्ट्यांची ओतीव अॅल्युमिनियमची पुढची जाळी शोधावी. तिची किंमतही तशीच मोजावी लागते. युद्धकाळातल्या काही २एनना टंचाईमुळे लोखंडी चाके आणि बॅटरीऐवजी ठिणगीची वीज स्वतःच तयार करणारा मॅग्नेटो दिलेला असे. संग्राहकाला त्याचे मोल आहे, पण रोज काम करणाऱ्याला तो डोकेदुखीच वाटेल.

८एनमध्येही दोन पिढ्या आहेत. क्रमांक २६३८४४ पासून, म्हणजे १९५० पासून, डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वीज सिलिंडरांना वाटणारा भाग) इंजिनाच्या पुढच्या तोंडावरून उजव्या बाजूला आला. पुढच्या डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, म्हणजे त्यातले वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, नीट बसवायचे तर पंख्यामागच्या अडचणीत हात घालून तो अख्खाच काढावा लागतो, म्हणून माझे मत उशिराच्या ८एनच्या बाजूने आहे. भाग मागवताना क्रमांकापेक्षा डिस्ट्रिब्युटरची जागा डोळ्यांनी पाहून सांगावी, कारण इंजिन बदललेले असल्यास क्रमांक आणि प्रत्यक्ष जुळणी वेगळी निघू शकते. मूळ विजेची जोडणी सहा व्होल्टची असून बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. बारा व्होल्टचा बदल सर्रास दिसतो, सोयीचाही असतो, पण त्याला ‘मूळ स्थिती’ म्हणून जादा दाम देऊ नये.

दोष सांगायचा तर तिन्हींचा पीटीओ (जोडलेल्या यंत्राला इंजिनाची शक्ती देणारा मागचा दांडा) क्लचमागच्या गिअरबॉक्समधूनच फिरतो. क्लच दाबला तरी गवतकापणीच्या यंत्राचे फिरते वजन ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहते. मॉडेल कोणतेही ठरो, असे यंत्र जोडण्यापूर्वी पीटीओच्या दांड्यावर एकाच दिशेने जोर देणारा ओव्हररनिंग कपलर बसवावा आणि त्याचा खर्च खरेदीच्या वेळीच धरून ठेवावा.