जैसे-थे करार की विलीनीकरण: १९४७–४८ चं हैदराबाद

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे निजामाच्या राज्यातच होते. पुढे वाटा दोन.

पहिली, जैसे-थे करार. २९ नोव्हेंबर १९४७, मुदत एक वर्ष. संरक्षण, परराष्ट्र आणि दळणवळण या विषयांत ब्रिटिशांशी होती तीच व्यवस्था आता भारताशी चालू राहणार होती. कागदावर ठीक, पण दोघांनाही त्यातून वेळच काढायचा होता. निजामाने पाकिस्तानला २० कोटींचे भारत सरकारचे रोखे कर्जाऊ देऊ केले, संस्थानात भारतीय चलनावर बंधनं आणली. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची विमानं कराचीहून शस्त्रं आणू लागली. इकडे भारताचीही आर्थिक नाकेबंदी. खरी खोट मात्र वेगळी: लातुरात वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांना, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांना, आवरायची तरतूद करारात कुठेच नव्हती. त्याची झळ बसली गावखेड्याला. माणसं हद्दीपलीकडे गेली.

दुसरी, विलीनीकरण. स्वामी रामानंद तीर्थांच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसची मागणी हीच. ते झालं, पण लष्कराकरवी: १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून फौजा नळदुर्गात शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत राज्य पडलं. त्यानंतर उस्मानाबादसारख्या भागांत मुसलमानांवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने केली. तिचा अहवाल कित्येक वर्षं दडवला गेला.

दोन्हींत विलीनीकरणच टिकाऊ होतं, यात शंका नाही. फक्त १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, झेंडावंदनात तो अहवाल सहसा कुणी काढत नाही.