टू-पीस स्टोमा बॅग: पिशवीआधी फ्लँज पारखा

स्टोमा म्हणजे ऑपरेशन करून पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, आणि त्यातून येणारा मल झेलते ती स्टोमा बॅग. ती निवडताना बहुतेकांचा हात आधी पिशवीकडे जातो. केवढी आहे, आरपार दिसते का, कपड्याखाली कुरकुर वाजते का, एवढं बघून निर्णय होतो. पण बॅग गळली, कातडी सोलवटली, रात्री अंथरूण खराब झालं, या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा पोटाला चिकटणाऱ्या चकतीत, म्हणजे फ्लँजमध्ये सापडतं. त्यातही तिला पाडलेल्या भोकात. म्हणून कापून बेतायची फ्लँज आणि खालून रिकामी करता येणारी बॅग, अशा दोन भागांच्या संचाचं हे परीक्षण फ्लँजपासूनच सुरू केलं आहे.

फ्लँजचा चिकट थर हायड्रोकोलॉइडचा असतो. त्यात जिलेटिन, पेक्टिन आणि कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज हे ओल शोषणारे पदार्थ असतात, त्यामुळे घाम आला तरी पकड सुटत नाही. याआधी हे काम कराया गमवर चालायचं. कराया म्हणजे आपल्या कांडोळाच्या झाडाचा डिंक. क्लीव्हलंडचे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी १९५० च्या दशकात तो स्टोमाभोवतीच्या कातडीसाठी वापरात आणला. पातळ स्राव लागला की तो लवकर विरघळतो, आणि तिथेच हायड्रोकोलॉइड सरस ठरतो. चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना मात्र एलिसे सोरेन्सेन या डॅनिश नर्सची. १९५४ मध्ये त्यांनी ती आपल्या बहिणीसाठी मांडली.

आता भोक. फ्लँजसोबत मिळणाऱ्या मापपट्टीने स्टोमा मोजा आणि त्याहून २ ते ३ मिलिमीटर मोठं भोक कापा. जास्त मोठं झालं तर उघड्या कातडीवर मल साचतो. कोलोस्टोमीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या स्टोमात, एक वेळ निभावतं. इलिओस्टोमीचा, म्हणजे लहान आतड्याच्या स्टोमाचा, स्राव पातळ असतो आणि त्यात पाचक रस असतात, ते काही तासांत कातडी लालबुंद करून सोडतात. घट्ट झालं तर फ्लँजची कड स्टोमाला कापते. स्टोमाला वेदनेची जाणीव नसल्यामुळे जखम झालेली कळतही नाही. पुसताना थोडं रक्त लागणं नेहमीचं आहे, पण कडेला पांढरट किंवा पिवळी चीर दिसली तर भोक लहान आहे असं समजा.

स्टोमा अंडाकृती असेल तर एक चूक हमखास होते. पोटाकडे बघून कागदावर आकार काढतात आणि तो तसाच फ्लँजच्या मागच्या कागदावर ठेवून गिरवतात. ती बाजू पोटाकडे जाणार असते, त्यामुळे डावं-उजवं उलटतं. कागद पालथा घालून गिरवा. कापून झाल्यावर कडेवरून बोट फिरवून खडबडीत टोकं दाबून घ्या.

ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे स्टोमाची सूज उतरत असते. तोवर दर वेळी नव्याने मोजायचं. पहिल्या दिवशीच्या मापाचं भोक महिनाभर कापत राहणं हे कातडी बिघडण्याचं एक मोठं कारण आहे.

चिकटवताना घाई नको. इलिओस्टोमी असेल तर सकाळी, पोटात काही जाण्याआधीची वेळ धरा, तेव्हा स्राव कमी असतो. जुनी फ्लँज वरून खाली सोलत आणा, दुसऱ्या हाताने कातडी दाबून धरा. नुसत्या कोमट पाण्याने पुसा. तेलकट साबण, क्रीम, बेबी वाइप्स यांचा पातळसा थर राहतो आणि त्यावर फ्लँज धरत नाही. कातडी पूर्ण कोरडी करा. नवी फ्लँज मिनिटभर तळहातांमध्ये दाबून ऊबदार करा, मग स्टोमालगतच्या कडेपासून बाहेरच्या दिशेने बोटाने दाबत जा आणि वर तळहात मिनिटभर तरी ठेवा. हायड्रोकोलॉइडला ऊब आणि दाब दोन्ही लागतात. लावल्या लावल्या वाकणं टाळा.

उतरवलेली फ्लँज फेकण्याआधी उलटी करून नीट बघा. भोकाभोवती पांढरट, फुगलेलं कडं दिसेल. ते सगळीकडे सारखं आणि अरुंद असेल तर बदलण्याची वेळ बरोबर आहे. बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचलं असेल तर एक दिवस उशीर झाला. एकाच बाजूला जीभ निघाल्यासारखं पसरलं असेल तर तिथे कातडीला घडी किंवा खळगा आहे, आणि तिथेच सील रिंग (भोकाभोवती बसवायची मऊ चिकट कडी) किंवा पेस्ट हवी. टू-पीसची फ्लँज साधारण तीन-चार दिवस टिकते. ती रोज बदलावी लागत असेल तर माप किंवा प्रकार चुकतो आहे.

पेस्टबद्दल गैरसमज फार. ती गोंद नाही, खळगे भरायची लांबी, म्हणजे पुट्टी आहे. जास्त फासली तर फ्लँज उलट लवकर सुटते. अनेक पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, ते सोललेल्या कातडीवर झोंबतं. अशा वेळी सील रिंग बरी. कातडी ओलसर झाली असेल तर स्टोमा पावडर भुरभुरवा, जादाची झटका, वर बॅरियर फिल्म (कातडीवर पातळ संरक्षक पापुद्रा धरणारं द्रव) मारा आणि वाळल्यावरच फ्लँज लावा. झटकायचं राहिलं तर फ्लँज पावडरलाच चिकटते, कातडीला नाही.

जोडणीबद्दल थोडक्यात. फ्लँजची रिंग आणि बॅगची रिंग एकाच कंपनीची, एकाच मापाची हवी. ५७ ची रिंग म्हणजे ५७ मिलिमीटरचं भोक कापता येतं असं नाही, कमाल व्यास खोक्यावर वेगळा छापलेला असतो. बॅग खालून वर दाबत बसवा आणि खट् वाजल्यावर हलकेच ओढून खात्री करा. ताज्या टाक्यांच्या पोटावर हा दाब दुखतो. म्हणून रिंगखाली बोटं घालता येतील अशी उचललेली रिंग आम्हाला जास्त पसंत आहे.

बॅगमधला कोळशाचा फिल्टर चांगला आहे, पण ओला झाला की बंद पडतो आणि बॅग फुग्यासारखी फुगते. आंघोळीआधी त्यावर स्टिकर लावा. गॅस जायला टाचणीने भोक पाडू नका, वास आणि मल दोन्ही तिथून येतात. कोलोस्टोमीत उलटी अडचण होते: आतली हवा निघून बॅगच्या भिंती चिकटतात आणि घट्ट मल वरच अडकून फ्लँजखाली शिरतो. तेव्हा फिल्टरवर स्टिकर लावून बॅगमध्ये थोडी हवा राहू द्या आणि आतून वंगणाचे चार थेंब चोळा. बॅग एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करा. वजनाने फ्लँज वरच्या कडेला सुटू लागते.

स्टोमा कातडीच्या पातळीला किंवा आत असेल तर हा सपाट संच घेऊ नका. तिथे फुगीर, म्हणजे कॉन्व्हेक्स फ्लँज लागते, आणि ती स्टोमा नर्सला दाखवूनच घ्यावी. बोटांची पकड कमजोर असेल, नजर अधू असेल किंवा पोट अगदी सपाट हवं असेल तर वन-पीस, म्हणजे फ्लँज आणि बॅग एकसंध असलेली, सोयीची. टू-पीसचा खरा फायदा फ्लँज न काढता बॅग बदलता येते हाच. नाजूक कातडीला त्याचं मोल फार मोठं आहे.

काही गोष्टींत बॅगचा दोष शोधत बसू नका. स्टोमा जांभळा-काळा पडला, किंवा काही तास काहीच न येता पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तर लगेच सर्जन गाठा. इलिओस्टोमीतून दिवसाला दीड लिटरहून जास्त जात असेल तर शरीरातलं पाणी आणि मीठ निघून जातं, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. नुसतं साधं पाणी पीत राहिल्याने स्राव आणखी वाढतो, मीठ-साखरेचं योग्य प्रमाणातलं द्रावण लागतं.

सूज उतरेपर्यंत एका मापाचे एक-दोन खोकेच घ्या. ते थंड, कोरड्या जागी आडवे ठेवा. उन्हात राहिलेल्या गाडीत तर कधीच नको, उष्णतेने चिकट थर मऊ पडतो आणि अशी फ्लँज अर्धा दिवसही टिकेल याची खात्री नसते.