कोब्रा, डेटोना कूप की जीटी४०: लायसन्सवाली ‘नवी जुनी’ गाडी निवडताना

मूळ शेल्बी कोब्रा, म्हणजे कॅरोल शेल्बींनी साठच्या दशकात बनवलेली स्पोर्ट्स कार, घेण्याचा विषय बहुतेकांसाठी २०१६ मध्येच संपला. त्या वर्षी मॉन्टेरेच्या लिलावात पहिलीवहिली कोब्रा, सीएसएक्स २०००, १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. त्यानंतर उरतात त्या आज नव्याने बनणाऱ्या, पण नावाचे आणि आकाराचे हक्क रीतसर घेतलेल्या गाड्या. अमेरिकेत राहणाऱ्या, घरी गॅरेज असलेल्या आणि पन्नाशीच्या आसपास ‘आता नाही तर कधी’ असं वाटू लागलेल्या मराठी मंडळींच्या बोलण्यात यातली तीन नावं येतात: कोब्रा रोडस्टर, तिचीच बंद आवृत्ती असलेली डेटोना कूप आणि फोर्डची साठच्या दशकातली रेसिंग गाडी जीटी४०.

तुलना सोपी करणारी गोष्ट म्हणजे सुपरफॉर्मन्स या कंपनीच्या नावाने या तिन्ही मिळतात आणि तिन्ही दक्षिण आफ्रिकेतल्या एकाच ठिकाणी, गेबेर्हा म्हणजे पूर्वीच्या पोर्ट एलिझाबेथला, हाय-टेक ऑटोमोटिव्हच्या कारखान्यात तयार होतात. त्यामुळे फिनिशिंग कुणाचं चांगलं, हा वाद इथे फारसा नाही. प्रश्न एवढाच, की तुम्ही नेमकी कोणती गाडी चालवणार आहात.

लायसन्स म्हणजे नेमकं काय मिळतं?

कोब्राचा आकार कुणाच्या मालकीचा, यावर कॅरोल शेल्बी आणि सुपरफॉर्मन्स कोर्टात भिडले होते. २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या संघीय न्यायालयाने आकाराबद्दलचा शेल्बींचा दावा फेटाळला. मधल्या काळात इतक्या जणांनी इतक्या नकला विकल्या होत्या, की तो आकार पाहून लोकांना एकच कंपनी आठवते असं म्हणणं अवघड झालं होतं. पुढे दोघांनी समेट केला आणि सुपरफॉर्मन्सला अधिकृत लायसन्स मिळालं. म्हणजे लायसन्समुळे गाडी जास्त चांगली होते असं नाही. शेल्बींचं नाव हक्काने लावता येतं आणि विकताना त्याची किंमत येते, एवढंच.

इथे एक बारकावा आहे. सुपरफॉर्मन्सच्या कोब्राला ‘एसपीओ’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. लास व्हेगासची शेल्बी अमेरिकन स्वतः जी कोब्रा विकते तिला सीएसएक्स मालिकेतला क्रमांक असतो आणि शेल्बी रजिस्ट्रीत, म्हणजे शेल्बी गाड्यांच्या अधिकृत नोंदवहीत, तिची नोंद होते. पुढे विकायचा विचार असेल तर सीएसएक्ससाठी जास्त पैसे मोजणं पटण्यासारखं आहे. नुसती चालवायची असेल तर माझ्या मते नाही.

जीटी४०ची गोष्ट आणखी मजेशीर. हे नाव फोर्डचं असेल असं कुणालाही वाटेल, पण त्याचा ट्रेडमार्क सफिर नावाच्या कंपनीकडे गेला होता. म्हणूनच फोर्डने एकविसाव्या शतकात त्याच घाटाची गाडी आणली तेव्हा तिला नुसतं ‘फोर्ड जीटी’ म्हणावं लागलं. सुपरफॉर्मन्सने सफिरशी करार केला. त्यामुळे त्यांच्या गाडीवर जीटी४० हे नाव कायदेशीरपणे येतं आणि चॅसीचा (सांगाड्याचा) क्रमांकही जुन्या ‘पी’ मालिकेच्याच धर्तीवर पुढे चालू राहतो. चॅसीही मूळ गाडीसारखी पोलादी मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच असलेली, आहे आणि बरेचसे सुटे भाग मूळ गाडीला लागतात. तिघींत इतिहासाच्या सर्वांत जवळ हीच.

बसून बघा, मग बोला

जीटी४०च्या नावातला ४० म्हणजे तिची उंची, सुमारे चाळीस इंच. दरवाजे छपरात शिरलेले आहेत, त्यामुळे उघडायला शेजारी भरपूर जागा लागते. न्यू जर्सीच्या मॉलमधल्या पार्किंगमध्ये हे नाटक रोज करायचं नाही. उंच ड्रायव्हर डॅन गर्नी यांच्या हेल्मेटसाठी छपराला एक फुगवटा दिला होता. तो ‘गर्नी बबल’ आजही मागवता येतो. सहा फुटांच्या वर असाल तर मागवाच. इंजिन डोक्याच्या मागे, मागचं जवळपास काहीच दिसत नाही, सामानाला जागा नाममात्र. एसी मिळतो, आणि तो चैनीचा भाग नाही, गरजेचा आहे.

कोब्राचं उलट. छप्पर नाही, दार म्हणजे नावाला एक फळी, आणि ४२७ एस/सी या रेसिंगच्या वळणाच्या प्रकारात दाराखालून जाणारे एक्झॉस्टचे साइड पाइप. उतरताना पोटरी भाजली नाही असा कोब्रावाला विरळाच. पायांच्या जागेतही इंजिनची धग येते. पण नऊ मैलांवरच्या कॉफीसाठी रविवारी सकाळी निघालात तर हिच्यासारखी मजा दुसरीत नाही. एस/सी या प्रकाराचा जन्मच अडचणीतून झाला. १९६५ मध्ये एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संस्थेला रेसिंगसाठी शंभर गाड्या बनलेल्या हव्या होत्या. शेल्बींच्या तेवढ्या झाल्या नाहीत, आणि पडून राहिलेल्या रेसिंग गाड्या रस्त्यालायक करून विकल्या गेल्या.

डेटोना कूप या दोघींच्या मध्ये बसते, आणि माझा कल तिच्याकडे आहे. उघडी कोब्रा फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत लांब सरळ पट्ट्यावर हवेशी झुंजत फेरारी २५० जीटीओच्या मागे पडायची. पीट ब्रॉक या तरुण डिझायनरने तिच्याच चॅसीवर बंद बॉडी आखली, मागची बाजू सरळ कापल्यासारखी. १९६४ मध्ये गर्नी आणि बॉब बॉन्ड्युरंट यांनी ल मांत एकूण चौथा आणि जीटी गटात पहिला क्रमांक आणला. १९६५ मध्ये शेल्बींच्या संघाने जागतिक जीटी विजेतेपद घेतलं. मूळ गाड्या बनल्या फक्त सहा. सुपरफॉर्मन्ससाठी नवी आवृत्ती आखताना ब्रॉक स्वतः परत बसले आणि त्यांनी आतली जागा वाढवली. त्यामुळे ती इंचाइंचाने मूळ गाडीसारखी नाही. शुद्धतावादी नाक मुरडतात. दोन माणसं, दोन बॅगा आणि एसी घेऊन चारशे मैल जायचं असेल तर मुरडू देत.

इंजिन आणि कागद

या गाड्या इंजिन आणि गिअरबॉक्सशिवाय ‘रोलर’ म्हणून येतात. ते बसवून देणं डीलरचं किंवा तुमच्या माणसाचं काम. कोब्रा आणि डेटोनात पुढे फोर्ड व्ही८ आणि साधा पाच गिअरचा बॉक्स असतो; गावातला चांगला मेकॅनिकही हाताळू शकतो. जीटी४०मध्ये गिअरबॉक्स मागच्या चाकांशी जोडलेला खास प्रकारचा असतो. तो महाग आहे आणि बिघडला तर माणूस शोधावा लागतो. एकूण खर्चात जीटी४० कोब्राच्या दीडपट ते दुप्पट धरून चाला.

रजिस्ट्रेशन प्रत्येक राज्याचं वेगळं. कॅलिफोर्नियात एसबी १०० कायद्याखाली वर्षाला फक्त ५०० अशा गाड्यांना धुराच्या नियमांतून विशेष सवलत मिळते. संघीय पातळीवर २०१५च्या कायद्याने छोट्या कंपन्यांना वर्षाला ३२५ प्रतिकृती पूर्ण गाडी म्हणून विकायची वाट उघडली, पण इंजिन आजच्या प्रदूषण नियमांत बसणारं हवं. ब्रिटनमध्ये असाल तर आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीला मान्यता देणारी चाचणी.

भारतात आणायचं मनात असेल तर आधीच थांबा: आयात नियमांना उजव्या हाताचं स्टिअरिंग हवं, वर मान्यता चाचण्या आणि भरमसाट सीमाशुल्क. रेसिंगच्या जीटी४० बहुतेक उजव्या हाताच्याच होत्या, एवढाच त्यातला दिलासा. या जातीची हौस आपल्याकडे फिटवली ती अलिबागच्या चिंकारा मोटर्सने. त्यांचा १.८ रोडस्टर लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या वळणाचा, इसुझू इंजिनचा. लायसन्स वगैरे प्रकार नव्हता.

जग्वारनेही स्वतःच्या कारखान्यात पन्नाशीच्या दशकातल्या आपल्या एक्सकेएसएस ९ आणि डी-टाइप २५ अशा तेव्हा बनायच्या ‘राहिलेल्या’ गाड्या पूर्ण केल्या. किंमत दहा लाख पौंडांच्या घरात आणि डी-टाइपला रस्त्याची परवानगी नाही. संग्राहकांचा विषय आहे तो.

तर ट्रॅकवर जाणार असाल, गॅरेजमध्ये रोजची दुसरी गाडी असेल आणि पाठ मजबूत असेल तर जीटी४०. हवा आणि आवाज हवा असेल आणि पावसात गाडी काढायचीच नसेल तर कोब्रा. जोडीदारालाही सोबत यावंसं वाटावं अशी अपेक्षा असेल तर डेटोना. डीलरला आगाऊ रक्कम देण्याआधी त्याच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: इंजिन कोण बसवणार, टायटलवर (मालकीच्या कागदावर) गाडीचं वर्ष कोणतं येणार, आणि तुमच्या राज्यात त्याने याआधी अशी गाडी रजिस्टर करून दिली आहे का.