अवॉर्ड : पुरस्कार की निवाडा?
‘अवॉर्ड’ म्हटले की आपल्याला ‘महाराष्ट्र भूषण’सारखा सन्मान, शाल आणि मानपत्र आठवते, मात्र भूसंपादनाच्या कागदांत हाच शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ ‘निवाडा’ असा असतो. पुरस्कार नम्रपणे नाकारता येतो आणि तेथे विषय संपतो. निवाडा मान्य नसला तरी तो आपोआप टळत नाही, त्याला मुदतीतच आव्हान द्यावे लागते. 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवलेला मोबदला कमी वाटला, तर कलम 64 नुसार अर्ज करावा लागतो आणि निवाड्याच्या वेळी स्वतः हजर असलेल्या जमीनमालकाला त्यासाठी सहाच आठवडे मिळतात. म्हणून अशा कागदावर नुसते ‘अवॉर्ड’ न लिहिता ‘निवाडा’ लिहावे, असे मला कळकळीने वाटते. लवादाच्या निर्णयालाही हाच शब्द शोभतो.

मराठीने हा भेद पूर्वीच नेमका ओळखला होता. 1932 मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅमसे मॅकडोनाल्ड यांनी जाहीर केलेल्या ‘कम्युनल अवॉर्ड’ला आपण ‘जातीय निवाडा’ म्हटले. त्याविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण केले आणि त्यातूनच 24 सप्टेंबरला पुणे करार झाला.