गुहागरला सगळ्यांना घेऊन जायचंय: महामार्गाने की जेट्ट्यांवरून?

मे महिन्यात गुहागरला व्याडेश्वराच्या देवळात जायचं ठरलं की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एकाचं म्हणणं, सरळ हायवे धरा, उगाच म्हाताऱ्या माणसांना बोटीबिटीत चढवू नका. दुसऱ्याचं म्हणणं, आता निघालोच आहोत तर जेट्ट्यांवरून, म्हणजे गाडी बोटीत चढवून खाड्या ओलांडत जाऊ या, मुलांना मजा येईल. आई, बाबा, आत्या, आम्ही दोघं आणि दोन मुलं अशी भरलेली सात आसनी गाडी मी दोन्ही रस्त्यांनी नेली आहे. यंदा ज्यांच्या घरी हा वाद व्हायचा आहे त्यांना माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

महामार्ग म्हणजे मुंबई-गोवा हायवे: पनवेल, पेण, माणगाव, महाड, कशेडी, खेड, चिपळूण आणि तिथून आत गुहागर. जेट्ट्यांचा पूर्ण रस्ता म्हणजे मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीने) मांडवा, अलिबाग, मुरुड, आगरदांडा ते दिघी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला ते वेसवी, मग केळशी-आंजर्ल्याकडून किंवा मंडणगडवरून दापोली, आणि शेवटी दाभोळ ते धोपावे. गाडीसकट चार वेळा पाणी ओलांडायचं. पुणेकर ताम्हिणी उतरून म्हसळ्यावरून हरिहरेश्वर गाठतात, त्यांच्या वाट्याला शेवटच्या दोनच जेट्ट्या येतात. (नकाशावर 'मुरुड' टाकताना जरा बघून टाका. एक जंजिऱ्याजवळचं, दुसरं हर्णैजवळचं, आणि दोन्ही तुमच्याच वाटेवर. मोबाइलमधल्या बाईंना तुमच्या मनातलं मुरुड कळत नाही.)

नुसत्या तासांचा हिशेब केला तर महामार्गच जिंकतो, त्यात वाद नाही. पहाटे निघालात आणि रस्ता मोकळा मिळाला तर दुपारचं जेवण गुहागरात. जेट्ट्यांच्या रस्त्याला मध्ये एक मुक्काम हवाच. चारही जेट्ट्या एका दिवसात करणारे बहाद्दर आहेत, पण त्यांच्या गाडीत सासूबाई नसतात.

महामार्गाची चेष्टा करणं सोपं आहे. 2011 पासून चौपदरीकरण चालू आहे आणि तेव्हा बालवाडीत असलेली मुलं आता कॉलेजात आहेत. पण खोटं कशाला बोलायचं, बराचसा रस्ता आता खरोखर छान झालाय. कशेडीचा घाट हे आमच्या धाकटीचं उलटीचं ठरलेलं ठिकाण होतं. 2023 च्या गणपतीच्या तोंडावर तिथला पहिला बोगदा गाड्यांना खुला झाला, आणि दोनेक किलोमीटरच्या त्या बोगद्याने अख्खा घाट टळतो. पोलादपूरला झोपलेलं मूल खेडपर्यंत उठत नाही, ही काही लहानसहान गोष्ट नाही. हायवेवर बरी हॉटेलं आहेत, पंप आहेत, औषधाची दुकानं आहेत. ज्यांच्याकडे गाडी लागणारी दोन-तीन माणसं आहेत त्यांनी इथेच वाचणं थांबवलं तरी मी समजू शकतो. वेसवीच्या पुढचा चढउतार आणि वळणं आवळासुपारीला जुमानत नाहीत. केळशी-आंजर्ल्याकडचा रस्ता तर समुद्र दाखवत दाखवत पोट ढवळतो.

माझ्यापुरता निकाल लागला तो माणगावात.

इंदापूर आणि माणगावचे बाह्यवळण रस्ते रखडलेले, त्यामुळे मागून सुसाट आलेली सगळी वाहतूक तिथे बाजारपेठेतून जाते. मे महिन्यातला शनिवार, सकाळचे दहा. डावीकडे एसटी, उजवीकडे ट्रक, पुढे गाड्यांची रांग, ती अर्धी गाडी सरकते आणि थांबते. ज्यांची पोरं मोठी आहेत आणि आईवडील धडधाकट आहेत त्यांना हा फक्त कंटाळा. आमच्या बाबांना प्रोस्टेटचा त्रास आहे. त्यांना तास-दीड तासाने उतरावं लागतं. त्या रांगेत गाडी बाजूला घेता येत नाही. त्यांना उतरवून पुढच्या हॉटेलपर्यंत चालत पाठवावं, तर रांग नेमकी तेव्हाच हलते, मागचे हॉर्न मारतात आणि म्हातारा माणूस उन्हात गाड्यांच्या मधून आपली गाडी शोधत फिरतो.

बाबा तक्रार करणाऱ्यांतले नाहीत. आत्याच्या लक्षात आलं की पेण सोडल्यापासून त्यांनी पाण्याचा घोट घेतलेला नाही. पुढे माणगाव आहे हे माहीत, म्हणून आधीच पाणी बंद. मे महिन्यात, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना. विचारलं तर म्हणाले, "तहानच नाहीये रे." संध्याकाळी गुहागरात पोचल्यावर त्यांच्या पायात गोळे आले. कुणी म्हणेल, एवढ्या-तेवढ्यावरून रस्ता ठरवतात का. आमच्या घरी ठरला.

वाट बघणं जेट्टीवरही चुकत नाही. सुट्टीतल्या रविवारी दाभोळला किंवा बागमांडल्याला रांग लागते, आणि एखादी फेरी डोळ्यांदेखत भरून निघून जाते. फरक एवढाच, की तिथे इंजिन बंद असतं आणि सगळे खाली उतरलेले असतात. बाबा आपले चालत टपरीकडे जातात, तिकीटवाल्याला पुढची फेरी कधी विचारतात, दोन अनोळखी म्हाताऱ्यांशी ओळख काढतात. स्वच्छतागृह प्रत्येक जेट्टीवर धड असतंच असं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण तिथे माणसाला पाय मोकळे असतात, कुणाला तरी विचारता येतं, आणि आपली गाडी जाग्यावरून हलणार नाही याची खात्री असते. बोट पलीकडून निघालेली दिसत असते, त्यामुळे "अजून किती?" हा प्रश्न मुलंही विचारत नाहीत. माझ्याकडे दोन रस्त्यांची तुलना करायला काही यंत्र नाही. बाबांची पाण्याची बाटली मात्र आहे. जेट्टीच्या रस्त्यावर ती दोनदा भरून घ्यावी लागली.

आता जेट्टीच्या उणिवा. खाडीवरच्या जेट्ट्यांचं चारचाकीचं भाडं पेट्रोलच्या खर्चापुढे किरकोळ, त्याबद्दल बोलत नाही. ओहोटीला उतार जास्त तीव्र होतो, आणि धक्क्याच्या कडेला शेवाळ असतं. चप्पल घसरते. आईला आणि आत्याला दोन्ही बाजूंनी धरून नेणारं कुणीतरी लागतं, म्हणजे गाडी चालवणारा सोडून आणखी एक धडधाकट माणूस हवाच. काही ठिकाणी गाडी रिव्हर्स चढवायला लावतात. खलाशी हाताने खुणा करतो, मागून कुणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतो, आणि नव्याने गाडी शिकलेल्या माणसाला घाम फुटतो. सात माणसं आत ठेवून भरलेली गाडी चढवू नका, मागचं बूड फळीवर घासतं. आधी सगळ्यांना उतरवा, मग गाडी घ्या. बोटीवर सावली थोडीच असते, टोप्या आणि छत्री डिकीत खोल पुरू नका. संध्याकाळची शेवटची फेरी किती वाजता ते सकाळीच विचारून घ्या. दाभोळची चुकली तर खेड-चिपळूणवरून शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा आहे, आणि तो काळोखातला.

आणखी एक गोष्ट कुठल्याच नकाशावर नसते. आमच्या आईचं माहेर रेवसकडचं. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या भागातल्या घरांत ती गोष्ट अजून सांगितली जाते, आणि आईने ती लहानपणापासून ऐकलेली. रो-रोचं नाव काढलं की ती विषय बदलते. तिला समजावण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. खाडीतली जेट्टी तिला चालते, कारण दोन्ही काठ दिसतात. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. तुमच्या घरातल्या मोठ्यांना पाण्याची भीती आहे का, हे तिकीट काढायच्या आधी विचारा. धक्क्यावर उभं राहून विचारलं तर ती माणसं भिडेखातर हो म्हणतात.

यावरूनच रो-रो आणि खाडीवरच्या जेट्ट्या मी एका मापाने मोजत नाही. रो-रो 2020 च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि सोय म्हणून ती उत्तम आहे. तासाभरात मांडवा, बसायला बरी जागा, वडखळचा वळसा वाचतो. पण तिला आधी आरक्षण लागतं, मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी गाड्यांची जागा लवकर भरते, वेळेच्या आधी हजर व्हावं लागतं, आणि गाडी खाली ठेवून माणसांनी वर जायचं असतं. गुडघे दुखणाऱ्यांनी जिन्याचा विचार करावा. दक्षिण मुंबईत राहणाऱ्यांना ती सोयीची. ठाणे-डोंबिवलीकरांना भाऊच्या धक्क्यापर्यंत पोचणं हाच एक प्रवास होऊन बसतो. त्यांनी पेणवरून अलिबाग गाठावं. मुंबईकरांनाही अटल सेतू झाल्यापासून तोच रस्ता पूर्वीइतका लांब वाटत नाही. फक्त वडखळ ते अलिबाग हा तुकडा शनिवारी सकाळी उन्हं चढायच्या आत पार करा, नाहीतर जी गोष्ट टाळायला निघालात तीच तिथे भेटेल. पुणेकरांनाही माणगाव लागतंच, पण त्यांना ते आडवं ओलांडायचं असतं, सोबत घेऊन चालायचं नसतं.

मुक्काम आम्ही श्रीवर्धनला करतो. दिवेआगरही चांगलं. घरगुती राहायची सोय बघताना समुद्र किती जवळ, हा प्रश्न मुलांचा. आपण दोन प्रश्न विचारावेत: खोली तळमजल्यावर आहे का, आणि कमोड आहे का. हरिहरेश्वरला देवळाच्या मागची प्रदक्षिणा पायऱ्या उतरून खडकांवरून जाते, ती भरती-ओहोटी बघूनच करायची असते. मोठ्यांनी देवळात बसावं, एका मोठ्याने मुलांबरोबर जावं. वेसवीला उतरल्यावर बाणकोटचा किल्ला आणि नाना फडणवीसांचं वेळास हाकेवर आहेत, पण वेळासच्या कासवांचा हंगाम मे उजाडेपर्यंत आटोपत आलेला असतो, मुलांना तसं आधीच सांगा. दाभोळला रांग लागली तर कंटाळायचं कारण नाही. जेट्टीला लागूनच आदिलशाही काळातली मशीद आहे, तिचं दगडी काम बाबा दर वेळी नव्याने बघतात. समोरच्या काठावर अंजनवेलची बाजू आणि एकेकाळचा एन्रॉनचा वीजप्रकल्प दिसतो. तो दिसला की आमच्या गाडीत एन्रॉनवर चर्चा होते आणि ती धोपाव्याला उतरेपर्यंत संपत नाही.

वडीलधाऱ्यांना कोकण रेल्वेने चिपळूणला पाठवून बाकीच्यांनी गाडीने यावं, असं सुचवणारेही भेटतात. शहाणपणाचं आहे. मे महिन्याचं आरक्षण मिळालं तर जरूर करा. पण मग ती सहल वेगळी आणि हा वादही वेगळा.

परतीला मी महामार्गच घेतो, हेही सांगायला हवं. सगळे दमलेले असतात, डिकीत आंब्याच्या पेट्या असतात, कुणाला पुन्हा पुन्हा उतरायची हौस नसते. पहाटे चारला गुहागर सोडलं तर माणगाव जागं व्हायच्या आत पार होतं आणि बाबा वाटेत चहाही पितात. म्हणजे महामार्ग वाईट नाही, त्याची वेळ सांभाळावी लागते. सात माणसांना पहाटे चारला गाडीत बसवणं ज्यांना जमतं त्यांनी जाताना-येताना दोन्ही वेळा तोच धरला तरी चालेल. आमच्याकडे ते परतीलाच जमतं, कारण जायच्या दिवशी आईचे दशम्या-चटणीचे डबे सहाच्या आत भरून होत नाहीत.

रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं नाव मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून ऐकतो आहोत. खाड्यांवरच्या मोठ्या पुलांची कामं आता सुरू झाली आहेत, आणि ते झाले की जेट्ट्यांचं काय होईल ते दिसतंच आहे. बाणकोटच्या खाडीतले अर्धवट पुलाचे खांब बघितले की घाई करायचं कारण नाही असंही वाटतं.

चारही जेट्ट्यांची धास्ती वाटत असेल, तर एकीपासून सुरुवात करा, आणि ती दाभोळ-धोपावे असू द्या. 2003 पासून चालू आहे, माणसं सरावलेली आहेत, फेऱ्याही बऱ्यापैकी वारंवार असतात. माणगाव लवकर पार करून खेडवरून दापोलीला वळा, रात्री तिथेच राहा. सकाळी नाश्ता करून निघालात तर पहिल्या गर्दीच्या आधी दाभोळला पोचाल, आणि धोपाव्याहून गुहागर पाऊण तासाच्या आतबाहेर. दुपारच्या जेवणाआधी व्याडेश्वराचं दर्शन होतं. पूजा सांगायची असेल तर गुरुजींना आदल्या दिवशी फोन करून ठेवा, सुट्टीत त्यांच्याकडेही रांग असते.